दुपारचं तेल

गाडी आली ती छोटा हत्ती टेम्पोत, तिरकी उभी करून, दोन दोरांनी बांधून आणि वरून जुनी सतरंजी टाकून. उमरखेडात पुसद रोडला धर्मपालचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. तिथे नांगर येतात, रोटाव्हेटर येतात, चिखलात फसलेल्या ट्रॉल्या येतात. पांघरूण घातलेली वस्तू येत नाही. आपल्या ट्रॅक्टरचा क्लच बसायची वाट पाहत खेमसिंग लिंबाखाली बसला होता. तंबाखू मळता मळता त्याने मान वर केली.

"काय गा मिस्तरी, पेशंट आणला का मुर्दा?"

धर्मपाल टेम्पोजवळ गेला. सतरंजीखालून मागचं चाक हातभर दिसत होतं आणि तेवढ्यावरून त्याने गाडी ओळखली होती. तारा नसलेलं, पाच जाड ओतीव पायांचं असं चाक साऱ्या तालुक्यात एकच होतं. तीस वर्षांपूर्वी लांबच्या प्रवासासाठी बनवलेली ती परदेशी मोटरसायकल. तिला चेन नव्हती. इंजिनाची ताकद एका लोखंडी दांड्यातून मागे यायची आणि चाकाच्या डाव्या अंगाला चिकटलेल्या डब्यात दोन दातेरी चाकं ती वळवून चाकाला द्यायची. ट्रॅक्टरच्या पोटात असतं तेच, फक्त नारळाएवढं. म्हणून तर ढाणकीच्या प्रफुल्ल मास्तरने ती नागपूरहून आणली तेव्हा मोटरसायकलवाले सोडून तो धर्मपालकडे आला होता. त्या डब्यात शेवटचा हात धर्मपालचाच गेला होता. त्यानंतरच्या मे महिन्यात प्रफुल्ल ह्याच गाडीवर मेला. त्याला अकरा महिने झाले होते, बारावा चालू होता.

निशिगंधा पुढच्या सीटवरून उतरली. ती प्रफुल्लची बायको, ढाणकीकडच्या एका उपकेंद्रात नर्स.

"तुम्ही कायले त्रास घेतला वहिनी?" धर्मपाल म्हणाला. "निरोप धाडला असता तं मी आलो असतो."

"आले असते?" ती म्हणाली.

मयतीच्या दिवसानंतर तो त्या घराची पायरी चढला नव्हता. त्याने मान खाली घातली आणि दोर सोडायला घेतले.

गाडी भिंतीला कशी टेकवायची तेही तिने सांगितलं. स्टँड अपघातात वाकलं होतं, म्हणून घरी ती उजव्या अंगावर टेकवून ठेवली होती, पत्र्याच्या शेडखाली. इथेही तशीच ठेवा, म्हणाली. मग पिशवीतून स्टीलची ताटली काढून तिने मागच्या चाकाखाली सरकवली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"रोज दुपारी तेल टपकते. एकच थेंब, कधी दोन. दीड ते दोनच्या मधात."

"वर्षभर उभ्या गाडीतून?"

"शेजारीण म्हणते, त्याच टायमाले त्याचा जीव गेला, तो येऊन सांगून जाते. मी नर्स आहे भाऊ. मले असं बोलता येत नाही. पण ताटली ठेवणं बंद करता येत नाही."

खेमसिंग उठून जवळ आला होता. "लिंबू-मिरची फिरवली का बाई?"

"तुम्ही गप्प राहा ना भाऊ."

"राह्यलो. मी फक्त विचारलं."

तिघंही ताटलीकडे पाहत बसले. बाहेर चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन होतं, पत्रा तडतडत होता. वाट पाहता पाहता निशिगंधाने ज्यासाठी आली ते सांगितलं. ती केसपेपर वाचून दाखवावा तशी बोलत होती, एका सुरात.

अपघात झाला तो हदगावकडून येताना, पैनगंगेचा पूल ओलांडल्यावरच्या डाव्या वळणावर. गाडी वळण सोडून सरळ पलीकडच्या बाभळीवर गेली. पंचनाम्यात लिहिलं होतं की रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. त्या एका ओळीचं गावाने भाषांतर करून टाकलं: ब्रेक मारलाच नाही, म्हणजे मुद्दाम घातली. त्यात प्रफुल्ल घरून बापाशी भांडून निघाला होता. एवढ्या उन्हात फटफटी घेऊन कुठं उलथतो, असं त्याचे वडील, नानाजी, म्हणाले होते, आणि तोही उलट बोलला होता. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध करायचं तर ते बापानेच करायचं.

"ते नाही म्हणते," निशिगंधा म्हणाली. "म्हणते, ज्यानं सोतःहून आमच्याकडं पाठ केली त्याचं पान मी कायले वाढू. वर्षभर त्याचं नावबी घेतलं नाही त्याईनं. तुम्ही ही गाडी पाहून सांगा, भाऊ. दगा गाडीनं देला का त्यानं."

पावणेदोनला डब्याच्या आतल्या कडेवर काहीतरी चमकलं. काळपट, मधासारखं. ते फुगलं, लांबलं आणि ताटलीत पडलं. आवाज इतका बारीक होता की एरवी कुणाला तो ऐकू आला नसता. पण तिघंही श्वास धरून होते.

खेमसिंग दोन पावलं मागे सरकला. "मिस्तरी, मेहेरबानी कर. माझा ट्रॅक्टर तिच्याजवळ उभा नोको करू."

"तुझा ट्रॅक्टर आधीच अर्धा मेला आहे," धर्मपाल म्हणाला.

"परवा येते," म्हणून निशिगंधा गेली. ताटली तिथेच राहिली.

अशा गिअरच्या डब्यात नव्वद नंबरचं तेल असतं. त्याला गंधकाचा वास येतो. नवख्याला वाटतं कुठे अंडं सडलं. मयतीच्या दिवसापासून तो वास धर्मपालला सोडत नव्हता. भाकरी तोडताना यायचा. बायकोने, नलूने, धुऊन वाळवलेल्या उशीच्या अभ्र्याला यायचा. नलू म्हणायची, मले तं काही येत नाही, तुमच्या हाताचाच असन. तो हात साबणाने, राखेने, रॉकेलने धुवायचा. वास हाताचा नाही हे त्याला ठाऊक होतं. मयतीच्या आदल्या पावसाळ्यानंतर त्याने तो डबा खोलला होता आणि आतल्या बेअरिंगमागे पत्र्याच्या चकत्या कातरून बसवल्या होत्या. अशा गाडीला केसभर अंतर लागतं आणि त्याची सवय ट्रॅक्टरची. चकती जाड झाली असेल, बेअरिंग तापलं असेल, चाक जाम झालं असेल. वर्षभर तो रोज मनात तो डबा खोलायचा आणि रोज बेअरिंग निळं पडलेलं निघायचं.

दुसरी गोष्ट त्याच्या फोनमध्ये होती.

प्रफुल्ल कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि तक्रार कशी सांगावी हे त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. "मागून आवाज येते" असं तो कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, "साठच्या वर, थ्रॉटल सोडला की, डावीकडून, बारीक शिटी." पुढे तर तो रस्त्यावर थांबून आवाजच रेकॉर्ड करून पाठवायचा. असे चाळीसेक निरोप धर्मपालने ऐकले होते. शेवटचा ऐकला नव्हता. तो आला त्या दिवशी एक वाजून एकतीस मिनिटांनी. धर्मपाल तेव्हा एका ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता, फोन लिंबाखाली बाजेवर. त्याने हात पुसून फोन घेतला तेव्हा तीन वाजले होते आणि खबर त्याच्याआधी गावात पोचली होती. त्यानंतर तो निरोप त्याने उघडला नाही. पुसलाही नाही.

आता मात्र प्रश्न कामाचा होता. आधी तक्रार, मग पाना: ह्या गॅरेजचा हा एकच नियम. मालकाने स्वतःच्या तोंडाने दुखणं सांगितल्याशिवाय धर्मपाल नटाला हात लावत नसे. ह्या नियमापायी कित्येक शेतकऱ्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या. आणि ह्या गाडीच्या मालकाची तक्रार एकाच जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं फाटक आतून लावून तो बाजेवर बसला आणि त्याने निरोप लावला.

आधी कपबशांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. मग अगदी जवळून, काल बोलल्यासारखा:

"धर्मपाल, ऐक. आवाज नाही, आवाज तं तू मारूनच टाकला. पण वास येऊन राह्यला बे. गंधकाचा, मागून. हदगावच्या पुढं चहाले थांबलो. डब्याले हात लावला तं चटका बसला. ब्रेकबी मागचा नरम वाटते जरा. सांग लवकर, थांबू का येऊ? घरी म्हातारा वाट पाहत असन, सकाळी लय बोललो त्याले. पाच मिनिटं पाहतो तुही वाट."

एक्केचाळीस सेकंद. धर्मपालने फोन बाजेवर उपडा ठेवला. ती पाच मिनिटं प्रफुल्लने फोन हातात धरून काढली असतील. चहावाल्याकडे पाहिलं असेल. परत फोनकडे पाहिलं असेल. मग हेल्मेट घातलं असेल. धर्मपाल उठला तेव्हा चादरीवर त्याच्या घामाची ओली खूण उमटली होती.

मग त्याने पाना घेतला.

गाडी ठोकळ्यांवर सरळ उभी केली. मागचं चाक वर-खाली धरून हलवलं. बेअरिंग गेलं असेल तर चाक खुळखुळतं. हललं नाही. पुन्हा जोर लावून पाहिलं. देवळाच्या खांबासारखं घट्ट. कान डब्याला लावून चाक फिरवलं; आत दाते एकमेकांवरून असे सरकत होते जसे हात हातावरून. चाक काढून दांड्याचे दाते पाहिले: ग्रीस लागलेलं, धार शाबूत. ज्या बेअरिंगसाठी त्याने वर्षभर स्वतःला फासावर चढवलं होतं ते निर्दोष निघालं. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण आता उत्तराला जायला एकच वाट उरत होती: तेलाची.

ब्रेकचे दोन्ही शू तेलाने भिजून काळे झाले होते. त्यावरची धूळ नखाने खरवडली तर खाली चिकट थर. टायरची डावी कड रिमपासून जमिनीला टेकते तिथपर्यंत तशीच काळी. म्हणजे डब्यातलं तेल चालत्या गाडीत चाकावर फेकलं गेलं होतं. डाव्या वळणात गाडी डावीकडे झुकते, तेव्हा रस्ता धरते ती हीच कड. प्रफुल्ल झुकल्या गाडीचा पुढचा ब्रेक धरत नसे. त्याने मागचा दाबला असेल. लागला नसेल. खूण कशाची उमटणार?

डबा आणि चाक ह्यांच्या मध्ये रबराची कडी असते, तेल अडवणारी, ऑईल सील. तिचा ओठ आतल्या बाजूला वळलेला हवा. तो बाहेर उलटला होता, वाऱ्यात छत्री उलटते तसा. तिचं वय झालं म्हणून ती चिरली नव्हती. आतून कुणीतरी तिला ढकललं होतं.

धर्मपाल टाचांवर बसला. समोर ताटली होती, कालचा थेंब अजून तिच्यात. निशिगंधा जाता जाता म्हणाली होती की पावसाळ्यात हे थांबतं, थंडीत दिवसाआड होतं आणि होळी झाली की रोज सुरू होतं. भुताला ऋतू कळत नसतात. ऋतू हवेला कळतात. पत्रा तापला की डब्यातली हवा फुगते, उलटलेल्या ओठातून थेंबभर तेल बाहेर लोटते. रात्री गार झालं की तेवढीच हवा परत आत ओढून घेते. डबा दिवसातून एकदा श्वास घेत होता आणि एकदा सोडत होता. पण त्याला असा श्वास घ्यायची गरज नव्हती. त्याच्या डोक्यावर हवेसाठी एक भोक होतं. सुईएवढं.

त्याने हात वर नेला, तो हळूच, निखाऱ्याकडे न्यावा तसा. भोकाच्या जागी गुळगुळीत फुगवटा लागला.

तेव्हा त्याला आठवलं. परतीच्या पावसात प्रफुल्लने गाडी रपट्यावरून, ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, काढली होती, चाक अर्धं पाण्यात. डब्यात पाणी शिरून तेलाचं पांढरं ताक झालं. धर्मपालने डबा खोलून धुतला, पुसला, चकत्या बसवल्या, तेल भरलं आणि शेवटी पाणी शिरतं कुठून ते पाहून दोन रंगांची लांबी, भेगा बुजवायचा लगदा, मळून भोकात दाबली. वर चंदेरी रंगही मारला, वाईट दिसू नये म्हणून. दोन मिनिटांचं काम. पुढे हिवाळाभर परीक्षा नि कॉलेजमुळे गाडी ढाणकी-उमरखेडच्या बाहेर गेलीच नाही. लांब गेली ती एकदम त्या दिवशी, त्या उन्हात. वर्षभर त्याने रात्रीच्या रात्री चकत्या मोजण्यात घालवली होती आणि हे भोक त्याला एकदाही आठवलं नव्हतं.

त्याने बारीक पेचकस लांबीच्या कडेला घातला. पावणेदोन वाजत होते. लांबी तटकन निघाली आणि भोकातून ऊन हवा त्याच्या गालावर आली. सुस्स, एवढंच. कुणी झोपेत कूस बदलताना सोडावा तसा सुस्कारा, गंधकाच्या वासाचा. धर्मपाल मागे पडला तो हाताच्या कोपरावर. फाटकाबाहेर रस्त्याने एसटी गेली. आत कुणी नव्हतं. तरी तो बराच वेळ उठला नाही, कारण उठलं की कुणाकडे तरी पाहावं लागेल असं त्याला वाटत होतं.

तळहातात लांबीचा वाळका खडा होता. त्यावर अंगठ्याचा ठसा होता, रेषान्‌रेषा उमटलेला. त्याने तो जळक्या तेलाच्या पिंपात टाकला. आवाज झाला नाही.

निशिगंधा सांगितल्याप्रमाणे आली. त्याने तिला आधी निरोप ऐकवला. ती उभ्यानेच ऐकत होती. "म्हातारा वाट पाहत असन" इथे तिने डोळे मिटले.

"हे कधी ऐकलं तुम्ही?"

"काल."

"वर्षभर?"

"हिंमत झाली नाही, वहिनी."

तिला संताप यायला जागा होती. तो आलाही, तिच्या नाकपुड्या पांढऱ्या झाल्या. मग गेला. "मी ताटली ठेवत होती," ती म्हणाली, "तुम्ही हे ठेवलं."

त्याने तिला भिजलेले शू दाखवले, टायरची कड दाखवली, उलटलेलं सील बोटावर घेऊन दाखवलं. ब्रेक मारला होता, लागला नाही, असं सांगितलं.

"सील काहून गेलं?"

"जुनं होतं," धर्मपाल म्हणाला. "तीस वर्षांची गाडी. रबर म्हातारं होते."

गाडी तीस वर्षांची होती, रबर म्हातारं होतंही; फक्त हे झालं नव्हतं. निशिगंधा ओल्या शूंकडे पाहत राहिली आणि एकाएकी तिथे, ग्रीसने काळ्या झालेल्या फरशीवर बसून रडायला लागली. रडता रडता हसत होती. "मारला होता ब्रेक," ती म्हणत होती. "मारला होता." मग तिने त्याचे दोन्ही हात धरले. "भाऊ, तुमचे उपकार कुठं फेडू मी? चला. आत्ताच चला. नानाजीले तुमच्या तोंडानं सांगा."

त्याच्या हातांना तेव्हा असा वास सुटला की तिला तो कसा येत नाही ह्याचं त्याला नवल वाटलं.

ढाणकीला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नानाजी ओसरीत खांबाला टेकून बसले होते. वय चौऱ्याहत्तर. घरची पाच एकर कपाशी भावाच्या हवाली करून त्यांनी उभं आयुष्य कापसाच्या जिनिंग गिरणीत फिटर म्हणून काढलं होतं. उजव्या हाताची दोन पेरं तिथेच ठेवून आले होते.

"या मिस्तरी. लय दिवसानं वाट सापडली?"

धर्मपाल बसला. निशिगंधाने निरोप लावला. म्हाताऱ्याने कानामागे हात धरून ऐकला. ऐकून झाल्यावर पुन्हा लाव म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा हात कानामागून खाली आला आणि मांडीवर तसाच पडून राहिला.

"पाच मिनिटं थांबला म्हणते," ते म्हणाले. वर्षात पहिल्यांदा ते मुलाबद्दल बोलत होते. "सकाळी लय बोलला होता खरं. मीबी बोललो." मग धर्मपालकडे वळून, "काय निघालं?"

धर्मपालने सांगितलं. शू, टायर, सील. नानाजी मध्ये मध्ये हुंकार देत होते. शेवटी म्हणाले, "सील पाहू."

सील त्याच्या खिशात कागदात होतं. म्हाताऱ्याने ते उरल्यासुरल्या बोटांनी फिरवून पाहिलं, उजेडात धरलं, ओठावरून अंगठा फिरवला.

"हे जुनं नाही. रबर नरम आहे अजून."

म्हाताऱ्याने सील उलटं केलं.

"आतून भाईर उलटलं."

"हो."

"म्हणजे दाब आला."

"हो."

"आमच्या जिनिंगात हरएक गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवेचं भोक असते. ह्याले नाही?"

"आहे."

"मंग दाब कुठून आला, धर्मपाल?"

उत्तर तयार होतं. कुंभारीण माशी. पावसाळ्यानंतर ती कुठल्याही भोकात मातीचं घर करते. पंपाच्या, इंजिनाच्या, दाराच्या कुलुपाच्या. ह्या भागात प्रत्येक मिस्तरीने आयुष्यात दहा वेळा काडीने ती माती कोरून काढलेली असते. नानाजींनीही काढली असेल. एक शब्द बोलला की म्हातारा मान डोलावणार आणि सगळं तिथे मिटणार. लांबीचा खडा पिंपाच्या तळाशी होता. पाहणारं कुणी नव्हतं. निशिगंधा दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे पाहत होती, अजून हलक्या झालेल्या चेहऱ्याने. त्याने तोंड उघडलं.

"मी बुजवलं, नानाजी."

नानाजींचा अंगठा सीलवर थांबला.

"कायनं?"

"लांबीनं. पाणी घुसलतं डब्यात. रपट्यावरून आणली होती त्यानं. परत घुसू नये म्हणून."

"काहून पण? भोक कायले असते हे तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. ट्रॅक्टरचे लय बुजवले होते. कधी काही झालं नाही."

"ट्रॅक्टरचं पोट मोठं राह्यते," नानाजी हळूच म्हणाले. "हवेले जागा भेटते."

"हो."

"हे लहान."

"हो."

दोन कारागीर बोलावेत तसे ते बोलत होते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. नानाजींनी सील कागदात परत गुंडाळलं, नीट, चारही कडा दुमडून.

"त्यानं विचारलं नाही? मास्तर होता तो. असा सोडणारा नव्हता."

"विचारलं. म्हणे, भोक हवेचं आहे तं बुजवून चालते का बे. मी म्हणलो, काही होत नाही." धर्मपालने तेच पुन्हा सांगितलं, "काही होत नाही म्हणलो मी. तो हसला. म्हणे, तू म्हणतो तं ठीक."

निशिगंधा चौकटीपासून दूर झाली आणि आत गेली. आतून भांड्याचाही आवाज आला नाही. धर्मपालला वाटलं, तिने रडावं, शिवी द्यावी, काही फेकून मारावं.

नानाजींनी आकाशाकडे पाहिलं, जणू दिवस मोजत आहेत.

"तिथीनं पुढच्या गुरुवारी येते त्याचं वर्षश्राद्ध," ते म्हणाले. "मी करीन. ज्यानं ज्यानं म्हटलं पोरानं जीव देला, ते सारे जेवाले बोलावतो. तू ये. पान वाढलं की, पंगत जेवाले लागाच्या आधी, हेच सांगायचं. आता सांगितलं तसं."

"सांगतो."

"लांबीसकट. तो काय म्हणला ते, तू काय म्हणला ते."

"त्याच्यानंतर माह्याकडं कोणी ट्रॅक्टर आणणार नाही, नानाजी," धर्मपाल म्हणाला. तक्रार नव्हती ती. फक्त नोंद.

"नसतीन आणत."

धर्मपाल उठला. पायरीवर थांबला. "मी जेवाले थांबू का त्या दिवशी?"

म्हाताऱ्याने कागदाची पुडी मुठीत धरली होती. "ते त्या दिवशी पाहीन मी," ते म्हणाले.

गुरुवारी अंगणात पन्नासेक माणूस होतं. खेमसिंगही आला होता, धुतलेलं पागोटं बांधून. पाटावर प्रफुल्लचं पान वाढून झालं होतं: भात, वरण, वडा, खीर, आणि त्याला आवडायची म्हणून तिखटजाळ ठेचा. पत्रावळींसमोर बसलेले लोक आपसात बोलत होते, कापसाचं बियाणं, लग्नाच्या तारखा. नानाजींनी हात वर केला. निशिगंधा दारात येऊन उभी राहिली. धर्मपालकडे तिने पाहिलं नाही. धर्मपाल भिंतीजवळून पुढे आला आणि बोलायला लागला. पहिलं वाक्य त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"मोठ्यानं, मिस्तरी," नानाजी म्हणाले. "मागच्या पंगतीले ऐकू येत नाही."

धर्मपालने पाटावरच्या पानाकडे पाहिलं, वाफ निघत होती तिकडे, आणि रपट्याच्या पाण्यापासून पुन्हा सुरुवात केली.